पिशव्यांचे डॉक्टर

मी आज दोन पायांवर उभा आहे, गेट उघडतो, गेट लावतो, आणि संध्याकाळी आईला फोनवर "बरा आहे" म्हणतो ते खरं असतं, हे सगळं आमच्या सोसायटीच्या बी विंगमधल्या डॉक्टरांमुळे. काय झालं ते पुढे येईलच. पण माझी आई म्हणते, गोष्ट विसरली तर चालते, माणूस विसरू नये. म्हणून माणूस आधी.

तर डॉक्टर. साऱ्या पुण्यात दुसऱ्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघणारा, आणि एवढं बघूनही तो माणूस कोण हे न ओळखणारा, असा दुसरा कोणी झाला नाही आणि होणारही नाही. ते सर्जन होते, त्यातही पापण्यांचे, आणि त्यातही फक्त खालच्या पापणीचे. वय झालं की, किंवा काहींच्या घराण्यातच, माणसाच्या डोळ्यांखाली चरबीच्या पिशव्या लोंबायला लागतात. त्या काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खालच्या पापणीपासून गालाच्या हाडापर्यंतची बोटभर जागा म्हणजे त्यांची सगळी पृथ्वी. नाक, कपाळ, हनुवटी ही आजूबाजूची गावं, तिथे त्यांचं जाणंयेणं नव्हतं. आमच्या सेक्रेटरींच्या मिसेस एकदा काळा गॉगल लावून लिफ्टमध्ये शिरल्या आणि "काय डॉक्टर, ओळख नाही?" म्हणाल्या. डॉक्टर नम्रपणे म्हणाले, "बाई, आपण ओळखपत्र झाकून आलात." त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. डॉक्टरांना ते कळलंही नाही, कारण पुढचा आठवडाभर त्या गॉगल लावूनच फिरत होत्या.

आणि थट्टा बघा, कर्वेनगरातल्या सगळ्यात मोठ्या पिशव्या डॉक्टरांच्याच डोळ्यांखाली होत्या. मंडईतून परतणाऱ्या माणसाच्या दोन हातांना दोन गच्च पिशव्या असाव्यात, तशा त्या त्यांच्या चेहऱ्याला लटकलेल्या असत. ते हसले की त्या हसायच्या, ते गप्प झाले की त्या जास्तच गप्प व्हायच्या. नवा माणूस हमखास विचारायचा, "डॉक्टर, तुमच्या नाही काढल्यात?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "ज्याच्या स्वाधीन माझे डोळे करावेत असा एकच हात पुण्यात आहे, आणि तो माझ्याच खांद्याला आहे. आता आपणच सांगा, काय करू?"

"आपण" हा त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा. ते सगळ्यांना आपण म्हणत. कचरा उचलणाऱ्या बाईंना आपण, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या बालवाडीतल्या पोरांना आपण, पार्किंगमधल्या मांजरीला सुद्धा "आपण जरा सरकता का?" मला ते "अहो रक्षक" म्हणत. भंडारा जिल्ह्यातून इथे आल्यावर मला पुण्यात पुष्कळ नावांनी बोलावलं गेलं. "ए", "शूक्", "ओ गेट", असं काय काय. आपण म्हणणारे हे पहिलेच. पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं, की माझ्या पाठीमागे कोण मोठा माणूस उभा आहे.

पण त्यांची खरी कीर्ती दोन शब्दांची होती: "वर बघा." चरबीची पिशवी असेल, तर माणसाने मान न हलवता नुसते डोळे वर केले की ती फुगून पुढे येते, ही त्यांची पहिली तपासणी. दवाखान्यात ठीक आहे, पण डॉक्टर ती रस्त्यावर करत. भाजी घेताना कोथिंबिरीची जुडी हातात धरून मावशींना म्हणत, "वर बघा." मावशी वर बघायच्या, गिऱ्हाइकं वर बघायची, पलीकडचा रिक्षावाला रिक्षातून डोकं काढून वर बघायचा, आणि सगळा चौक आभाळात काहीतरी शोधत असताना डॉक्टर मावशींना समाधानाने म्हणायचे, "छान आहेत. अजून दहाएक वर्षं काढायची गरज नाही." मावशींना वाटायचं वांग्यांबद्दल बोलतायत.

एकदा तर कमालच केली. सी विंगमधले एक आजोबा वारले. डॉक्टर भेटायला गेले, मी खुर्च्या लावायला वर गेलो होतो. आजोबांचा मुलगा मान खाली घालून बसलेला. डॉक्टर त्याच्या समोर बसले आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "जरा वर बघा." त्या बिचाऱ्याला वाटलं, वडील वर गेले, तिकडे बघा असं सांगतायत. त्याने वर बघितलं आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू एकदम फुटलं. खोलीतले सगळे छताकडे बघून डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वडिलांच्याच आहेत आपल्या. हुबेहूब. सांभाळा." मी तर जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. पण तो मुलगा नंतर गेटापाशी मला म्हणाला, "इतकी माणसं येऊन गेली, पण बाबा माझ्याजवळ काहीतरी ठेवून गेलेत, असं फक्त डॉक्टरच बोलले."

संध्याकाळची फेरी झाली की डॉक्टर माझ्या केबिनबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत आणि मला ऑपरेशन शिकवत. मी नववीतून शाळा सोडलेली, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं, नंतर फसवणूक नको. म्हणाले, "बरं झालं. दहावीच्या पुस्तकात पापणीवर एक ओळ नाही." मग गेटाकडे बोट करून सुरू. "आपल्या सोसायटीला दारं किती? दोन. पुढचं आणि मागचं. पापणीलाही तसंच. पुढच्या दाराने जायचं तर पापणीच्या केसांना लागून खाली बारीक चीर द्यायची. कातडी सैल पडली असेल, तर या वाटेने तीही थोडी कापता येते. पण हावरटपणा केला आणि चिमूटभर जास्त कापली, की पापणी खाली ओढली जाते, डोळ्याचं पांढरं उघडं पडतं, आणि माणूस जन्मभर विजेचं बिल बघितल्यासारखा दिसतो." मागचं दार त्यांच्या विशेष आवडीचं. खालची पापणी बाहेर ओढायची, आतला गुलाबी भाग दिसला की तिथून शिरायचं. बाहेर व्रण नाही, पुष्कळदा टाकाही नाही. "आलो कधी, गेलो कधी, रक्षकालाही कळत नाही," असं म्हणून ते माझ्याकडे बघत, आणि मला उगीचच माझ्यावर आळ आल्यासारखं वाटे.

आत पिशव्या तीन. नाकाकडची पांढरट, मधली पिवळी, बाहेरच्या कोपऱ्यातली धाकटी. पहिल्या दोघींच्या मधून डोळा फिरवणारा एक छोटा स्नायू जातो. त्याच्याबद्दल डॉक्टर शेजाऱ्याबद्दल बोलावं तसे बोलत. "आयुष्यात कधी धक्का लावला नाही त्याला. त्याला इजा झाली की पेशंटला एकाच्या जागी दोन दिसतात. घरी गेल्यावर त्याला दोन बायका दिसल्या, तर तो मला दुवा देईल की शिव्या, हे मी कुठल्या पुस्तकात बघू?" आणि नव्या सर्जनांवर त्यांचा राग होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. "काढतात आणि टाकून देतात! डोळ्यांखाली खड्डे. माणूस तरुण दिसत नाही, उपाशी दिसतो. अहो, पिशवीच्या खाली हाडापाशी घळ असते. तीच चरबी सोडवून त्या घळीत पसरून द्यावी. उंचवटाही गेला, खड्डाही भरला. किती काढलं याला अक्कल लागत नाही रक्षक, किती ठेवलं याला लागते."

या सगळ्याच्या वर त्यांचा एक नियम होता. खुणा करायच्या त्या पेशंट ताठ बसलेला असताना. कारण टेबलावर आडवं केलं की चरबी मागे सरकते आणि पिशव्या दिसेनाशा होतात; सर्जन म्हणतो, अरे, इथे तर काहीच नाही. "आडव्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही," डॉक्टर म्हणत. "आडवा झाला की प्रत्येक जण निर्दोष दिसतो."

पेशंट परत पाठवण्यातही त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आलेल्याने तरुणपणचा स्वतःचा फोटो आणि आईवडिलांचा फोटो आणायचाच, नाहीतर ते पापणीला बोट लावत नसत. वयाने आलेली पिशवी वेगळी आणि घराण्यातून आलेली वेगळी, असं त्यांचं म्हणणं. घराण्यातली निघाली की ते विचारत, "ही आपल्या आईची आहे. काढायची, हे आईला विचारलंत का?" लोक पन्नाशीत आईला विचारायला जात आणि पुष्कळसे परत येतच नसत. एका रिटायर्ड गृहस्थांनी तक्रार केली, की बायको म्हणते तुम्ही सदा सुतकी दिसता. डॉक्टरांनी त्यांना वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं आणि सांगितलं, "पिशव्या किरकोळ आहेत. सुतक आतलं आहे. तिथे माझी सुरी पोचत नाही." असे दवाखाने चालत नाहीत, हे मलाही कळतं. पण त्यांचा चालला, कारण ज्यांना ते हो म्हणत, ते लोक नंतर आरशात बघून स्वतःलाच सापडत.

मी आलो तोवर हे दवाखान्याचं सगळं सरलं होतं. त्यांच्या मिसेस वारल्यावर ते एकटेच राहत. दवाखाना त्यांनी स्वतःहून बंद केला होता. एकदा मी चहा पुढे केला, तर कप बशीत किणकिणला. त्यांनी कप खाली ठेवला, उजवा हात डाव्या हातात घेतला आणि परक्या माणसाचा असावा तसा न्याहाळला. "याने आधी बशीतच सांगितलं मला. पेशंटच्या डोळ्यापाशी नाही सांगितलं, एवढं सौजन्य दाखवलं." पुण्यातला तो एकच हात आता नव्हता. त्यांच्या पिशव्या त्यांच्याजवळच राहणार होत्या.

आता माझं. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळा सुटली, मग गाव सुटलं. गावच्या एकाने एजन्सीत लावून दिलं, एजन्सीने या गेटावर उभं केलं. वारज्याला खोली, सकाळी सातला ड्युटी. मी भित्रा माणूस आहे. साहेबांची गाडी गेटापाशी जरा जास्त वेळ थांबली, तरी मी आठवायला लागतो, की आता काय चुकलं. तर एक दिवस सकाळी उठलो आणि आरशात माझं तोंड नव्हतं. डोळ्यांच्या नुसत्या चिरा, खाली दोन फुगे. संध्याकाळपर्यंत ते उतरले. दुसऱ्या सकाळी पुन्हा. मग रोजच. बूट घट्ट व्हायला लागले, तर वाटलं, उभं राहून पाय भरले असतील.

सेक्रेटरी सकाळी फिरायला निघत. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलं, दुसऱ्या दिवशी थांबून बघितलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रात्री कार्यक्रम जोरात झालेला दिसतो. नाही नाही, चालू द्या. सोसायटी जागी राहील, तुम्ही झोपा." मी म्हटलं, "साहेब, मी पीत नाही." ते म्हणाले, "कोणीच पीत नाही. दुकानं आपली हौसेनं उघडी असतात." एजन्सीचा सुपरवायझर येऊन गेला. त्याने सांगितलं, मेंबर लोकांची कंप्लेंट आहे, तोंड नीट करून ये, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस. तोंड नीट करून ये! जसं काही ते धोब्याकडे द्यायचं होतं. ही नोकरी गेली तर खोली जाणार होती, आणि खोली गेली तर या शहरात उभं राहायला मला कुठेच जागा नव्हती.

आणि हे गावापर्यंत गेलं. ज्याने नोकरी लावली त्यानेच आईला सांगितलं. तिचा फोन आला. "तू पेलास का रे?"

"नाही वं माय."

"मंग लोकं काहून म्हणतेत?"

"तोंड सुजते माय सकाळी."

ती म्हणाली, "विहारात पाचवं शील म्हणताना तुहा आवाज सगळ्याईच्या वर रायचा. मले तोच आवाज ऐकू येते अजून. बस, एवढंच सांगतो." आणि फोन ठेवला. दारू पिणार नाही, हे आम्ही लहानपणापासून हात जोडून म्हणत आलो. सेक्रेटरींच्या बोलण्याचं मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या "बस"चं लागलं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, पिशव्या आहेत आणि पिशव्यांचे डॉक्टर बी विंगमध्ये आहेत. इतके दिवस त्यांना माझ्या डोळ्यांखालचं का दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. ते दहाच्या आत खाली उतरत नसत, आणि संध्याकाळी माझी सूज उतरलेली. त्यातून मी टोपी पार भुवयांपर्यंत ओढून बसायचो. त्या दिवशी मी सकाळीच बदलीच्या माणसाला गेटावर थांबवून वर गेलो, बेल वाजवली, टोपी काढली आणि म्हटलं, "सर, माझ्या काढून द्या. तुमचा हात चालत नसेल तर तुमच्या ओळखीच्या कोणाकडून. मागच्या दाराने काढा नाहीतर पुढच्या, पण महिना संपायच्या आत."

डॉक्टर नुकतेच उठले होते. माझं तोंड बघून त्यांची कळी खुलली. खोटं कशाला सांगू, दिवाळीचा फराळ समोर यावा तसे ते खुलले. मला खिडकीपाशी स्टुलावर ताठ बसवलं. "फोटो?" मी आधार कार्ड काढलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं. "यात आपणच काय, सगळा भारत सुजलेला दिसतो. दुसरा दाखवा." मी मोबाईलमधला बहिणीच्या लग्नातला फोटो काढला, मी आणि आई. "आईला नाहीत. आपल्यालाही नव्हत्या. वडिलांना?" नव्हत्या. "हं. वर बघा."

मी वर बघितलं. पंख्यावर धूळ होती.

"वर बघा."

"बघतोय सर."

त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला, चष्मा बदलला, वाकून जवळ आले. "पुन्हा वर." मी पुन्हा वर. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो फराळाचा आनंद हळूहळू विझला. माझ्या पिशव्या जागच्या हलल्याच नव्हत्या. डॉक्टर मागे सरकले, आणि त्यांची नजर त्या बोटभर जागेवरून निघून माझ्या सगळ्या चेहऱ्यावर आली. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. "सकाळी जास्त, की संध्याकाळी?" सकाळी. "मोजे काढा." त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला, आणि भरून येईना; ओल्या मातीत बोट रुतल्यासारखा तसाच राहिला. "लघवीला फेस येतो?"

मी होय म्हटलं. मला वाटलं होतं साबणाने येत असेल, कोणीतरी संडास धुतला असेल.

डॉक्टर खुर्चीत बसले. "ही चरबी नाही. चरबीला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. हे पाणी आहे. आपण माझे पेशंट नाही." मला वाटलं, झालं, मलाही परत पाठवलं. मी मोजे घालायला लागलो. तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, मी शर्ट बदलतो. आणि अहो रक्षक, आपलं नाव काय?"

त्या दिवशी ते माझ्याबरोबर रिक्षातून सरकारी दवाखान्यात आले आणि माझ्याबरोबर रांगेत बसले. बसले म्हणजे काय, सगळी रांग वर बघायला लावली. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनाही सोडलं नाही. "आपल्याला झोप कमी आहे, चरबी नाही," असं त्यांना सांगून टाकलं. पण बाईंनी माझी लघवीची तपासणी वाचली आणि खुर्ची पुढे ओढली, तेव्हा मात्र डॉक्टरांनी माझा हात धरला. तो कापरा हात. कोणाचा हात कापतोय, त्यांचा की माझा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या किडनीतून प्रथिनं गळत होती. मला ठेवून घेतलं, सुईने किडनीचा तुकडा काढून तपासला, गोळ्या सुरू केल्या. बाई म्हणाल्या, वेळेत आलात. डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले, "कोणी हौशी सर्जन भेटला असता तर त्याने आपल्या पापण्या कापल्या असत्या. छान टाके घातले असते. आणि आतली किडनी तशीच गळत राहिली असती." मग स्वतःशीच पुटपुटले, "मलाही क्षणभर मोह झाला होता."

त्या गोळ्यांची गंमत अशी, की त्यांनी माझं तोंड आधीपेक्षाही गोल झालं. दवाखान्यातून परत आलो तर सेक्रेटरी गेटावरच. "वा! तब्येत सुधारली. दवाखान्यातही सोय होते वाटतं?" डॉक्टर माझ्या मागेच होते. ते पुढे आले आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "सेक्रेटरी, आपण जरा वर बघा." सेक्रेटरींनी सवयीने बघितलं. "यांच्या डोळ्यांखाली आजाराचं पाणी होतं, ते उतरेल. हा गोलपणा गोळ्यांचा आहे, तोही जाईल. आपल्या डोळ्यांखाली मात्र शुद्ध चरबी आहे, ती राहील. आता दारू कोण पितं, याचा निकाल आपण पापणीवरून लावणार असाल, तर माझी तयारी आहे." सेक्रेटरी फिरायला गेले, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा बरंच लांब फिरून आले. माझी नोकरी राहिली. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्याच फोनवरून आईशी बोलून घेतलं. "बाई, आपला मुलगा पीत नाही. मी डोळ्यांचा माणूस आहे, मला दिसतं." आई पलीकडून फक्त "हो जी, हो जी" करत होती. फोन माझ्या हातात आला तेव्हा ती रडत होती, आणि रडता रडता "जेवलास का?" विचारत होती. किती दिवसांनी विचारलं.

सावकाश सूज गेली, गोलपणाही गेला. शेवटच्या तपासणीनंतर मी वर गेलो, स्टुलावर ताठ बसलो. त्यांनी बघितलं आणि सुस्कारा टाकला. "काहीच नाही. आता आपल्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही, रक्षक." इतकी खूश निराशा मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिली नाही.

पुढचं सांगायला जीव होत नाही. डॉक्टर बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या पुतण्याने त्यांना वारज्याला, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथे ठेवलं. बी विंगमधला फ्लॅट बंद आहे. माझी खोली तिथून जवळच, म्हणून सुटीच्या दिवशी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच थबकलो. पलंगावर दुसराच कोणीतरी होता. गुळगुळीत, हलका, तरुण वाटावा असा चेहरा. मी मागे फिरणार, तेवढ्यात तो चेहरा म्हणाला, "या रक्षक, मीच आहे. पिशव्या शोधताय ना? मागे गेल्या. आडवं झालं की सगळ्यांचंच ऑपरेशन होतं. ना चीर, ना टाका." मी हसायचा प्रयत्न केला. ते छताकडेच बघत होते. माणसांना वर बघायला लावणारा माणूस दिवसभर आता नुसता वरच बघतो.

सिस्टर म्हणतात, हाड जुळलंय, आधार दिला तर बसता येईल, पण ते बसतच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "कशाला बसू? समोर भिंत आहे. भिंतीला पापण्या नसतात." मी पलंगाचा दांडा फिरवून त्यांच्या डोक्याकडची बाजू जराशी उचलली. त्यांना भोवळ आली, पुन्हा खाली केली. पुढच्या सुटीला पुन्हा जराशी. गेल्या वेळी जरा जास्त वर झाली, थोडा वेळ टिकली, आणि त्यांच्या डोळ्यांखाली एक बारीक सावली उतरताना मला दिसली. एवढीशीच. मला इतकं बरं वाटलं, की मी दांडा धरून तसाच उभा राहिलो.

"काय बघताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर."

नववीतून शाळा सोडलेला माणूस डॉक्टरांचे उपकार कसले फेडणार? सुरी मला धरता येत नाही. पण गेटावर उभं राहून माझ्या दंडांत जोर आहे, आणि तो त्यांनीच ठेवलेला आहे. हळूहळू का होईना, एक दिवस मी त्यांना त्या पलंगावरून उठवीन, खुर्चीत ताठ बसवीन, खिडकीपाशी नेईन, जिथून खालचा रस्ता आणि जाणारीयेणारी सगळी तोंडं दिसतात. त्यांच्या पिशव्या त्यांना परत मिळतील, भरलेल्या, दोन्ही हातांना जड अशा. मग मी टोपी काढून समोर उभा राहीन आणि म्हणेन, "सर, वर बघा."